मानाचा आजार

शनिवारी सकाळी सात चाळीसला मच्छिंद्र आबांनी जुलाब परत पाठवले.

ते घेऊन आला पप्पू शिपाई. नाव पप्पू असलं तरी त्याचं वय एक्कावन्न होतं आणि शाळेतल्या नोकरीला एकोणतीस वर्षं झाली होती. त्यानं खिशातून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढली, वंदना मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर थर्मामीटरची डबी ठेवली. चिठ्ठीवर मॅडमच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘रुग्ण क्रमांक ३. दोन दिवसांपासून जुलाब. अशक्तपणा.’

“काय म्हणले आबा?” मॅडमनी विचारलं.

“म्हणले, ज्यानं दिले त्याला वापस देऊन ये.”

मूल्यमापक अकरा वाजता येणार होते. मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्चीत बसल्या.

आष्टीपासून सहा किलोमीटर आत असलेल्या या शाळेत नववी-दहावीला आरोग्यसेवा हा विषय होता. मुलं ताप मोजायला, पट्टी बांधायला, बीपी घ्यायला शिकत आणि वर्षाअखेर बाहेरून एक मूल्यमापक येऊन त्यांची प्रात्यक्षिकं बघत. गेल्या वर्षीच्या मूल्यमापकांनी शेरा मारला होता: ‘विद्यार्थी पाठ केलेली उत्तरे देतात. रुग्णाशी बोलता येत नाही. असमाधानकारक.’ दुसऱ्या वर्षीही असाच शेरा आला तर जूनपासून विषय बंद, असं पत्र आलेलं होतं. मुख्याध्यापकांनी ते पत्र मॅडमना तीनदा वाचून दाखवलं होतं.

विषय बंद झाला तर मॅडमना दुसरीकडे काम शोधावं लागलं असतं, पण त्यांची खरी चिंता वेगळी होती. दोन वर्षांपूर्वी याच वर्गातून गेलेली मोनाली आता जालन्याला नर्सिंगच्या तयारीत होती. तेव्हापासून गावातल्या आयांना मुलींना दहावीनंतर शिकवण्यासाठी एक कारण सापडलं होतं. यंदाच्या दहावीत बावीस मुलं होती. ‘पुढे काय करणार’ या फॉर्मवर अकरा जणांनी नर्सिंग लिहिलं होतं. दहा जणांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं आणि आकांक्षानं शाईनं.

रुग्णाशी बोलता येत नाही हा शेरा पुसायचा म्हणून मॅडमनी यंदा खरी माणसं बोलवायचं ठरवलं. गावातली सहा मोठी माणसं रुग्ण होऊन येणार, मुलं त्यांना विचारपूस करणार, तपासणार आणि काय करायचं ते सांगणार. सहा चिठ्ठ्यांवर सहा आजार लिहिले. शुक्रवारी संध्याकाळी त्या चिठ्ठ्या पप्पूकडे दिल्या आणि सांगितलं, एकेक चिठ्ठी एकेकाच्या घरी नेऊन दे.

पप्पूनं तसं केलं नाही. कुणाला कोणता आजार द्यायचा हे आपण ठरवलं तर उद्या बोल आपल्याला लागतील, हे त्याला एकोणतीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. म्हणून त्यानं पारावर स्टीलचं पातेलं ठेवलं, त्यात चिठ्ठ्या टाकल्या, सहाही जणांना बोलावलं आणि सगळ्यांसमक्ष सोडत काढली. बघायला चाळीसेक माणसं जमली. प्रत्येक चिठ्ठी निघाली की पप्पू ती मोठ्यानं वाची. राधेश्याम, म्हणजे खत-बियाण्यांचे दुकानदार, यांना निघालं छातीत दुखणं. त्यांच्यामागून आबांनी हात घातला.

हे राधेश्याम मागच्या सोसायटीच्या निवडणुकीत आबांना चार मतांनी भारी पडले होते.

“हसलं का कुणी?” मॅडमनी विचारलं.

“सुरवातीला न्हाई हसले,” पप्पू म्हणाला. “पण राधेश्यामभाऊ म्हणले, आबा, जपा, तब्येत सांभाळा. मंग हसले.”

सव्वाआठला मॅडम स्वतः आबांच्या ओसरीवर गेल्या. आबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, त्यांच्या माहेरी जालन्याला पाऊसपाणी कसं आहे ते विचारलं. जुलाबांचा विषय मॅडमनाच काढावा लागला.

“मॅडम, तुमचा काई दोष न्हाई,” आबा शांतपणे म्हणाले. “तुम्ही बाहेरगावच्या. पण सत्तर वर्षांचा माणूस, बाहेरचा साहेब येनार म्हणून पोरीबाळींसमोर उभा राहून सांगन का, मला जुलाब लागलेत? अन् राधेश्यामला हार्ट?”

“आबा, खोटंखोटंच आहे.”

“खोटंच द्यायचं तर चांगलं द्या ना मंग.”

ओसरीवर आबांचे दोन चुलतभाऊही बसले होते. त्यांना पाठदुखी आणि डोळे येणं असे अगदी सभ्य आजार निघाले होते, पण ते म्हणाले, आबा येणार नसतील तर आम्हीही नाही. म्हणजे सहातले तीन गेले.

मॅडम तिथून राधेश्याम यांच्या दुकानात गेल्या आणि आजाराची अदलाबदल करता येईल का, असं विचारलं. राधेश्याम यांनी युरियाची गोणी सरकवत सांगितलं की त्यांना कशाचाच हट्ट नाही, पण चाळीस माणसांसमोर चिठ्ठी निघाली आहे, आता मागं घेतली तर लोक म्हणतील दबावाला भ्याला. मॅडमनी मुख्याध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, शाळेच्या संरक्षक भिंतीचं काम गावाच्या मदतीनं चाललेलं आहे, तेव्हा गाव दुखावू नका, आणि शेराही खराब येऊ देऊ नका.

साडेनऊला मॅडमनी विचार केला की छातीत दुखणारे दोन रुग्ण असले तर बिघडलं काय, आणि आबांना निरोप पाठवला: तुम्हालाही छातीत दुखणं.

निरोप पप्पूनं नेला, त्यामुळे तो वाटेत सगळ्यांना कळला.

पावणेदहाला उषाबाई शाळेत आल्या. त्यांना मधुमेह निघाला होता. “मॅडम, आमच्या तृप्तीला मागच्या आयतवारी घनसावंगीचे पाव्हणे बघून गेलेत,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पोराची मावशी ह्याच गावात दिलेली. मी शाळेत जाऊन मला शुगर हाय म्हणले, तर दुपारपर्यंत घनसावंगीला पोचतंय. म्हणतील, घराण्यातच साखर हाय. आबांना बदलून दिलं म्हणं, मलाबी छातीत द्या.”

“उषाताई, हृदयविकारसुद्धा घराण्यात असतो.”

“छाती चिंतेनं दुखती, मॅडम. लेकीचं लग्न काढलेल्या बाईची दुखणारच. त्याला कुणी नावं ठिवत न्हाई.”

त्यांच्या पाठोपाठ दुर्गाबाई आल्या. गावाच्या कडेला एकट्या राहणाऱ्या, दोन शेळ्या आणि एकराची शेती असलेल्या या बाईंना साधा ताप निघाला होता. पण त्या शनिवारी तोंडातून आजाराचं नाव काढत नसत, कारण एकदा काढलं होतं तेव्हा पंधरा दिवस अंथरुणाला खिळल्या होत्या. शब्द दिला आहे तर येणार, पण बोलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. “छातीवर हात ठिवून बसते, समजायचं ज्यानं त्यानं.” ताप असा हात ठेवून दाखवता येत नाही, हे मॅडमनाही पटलं.

साडेदहाला आबा आले; पाठोपाठ त्यांचे दोन्ही चुलतभाऊ आले आणि आबांना जे आहे तेच आम्हाला, असं सांगून बाकावर बसले.

अशा रीतीनं अकराला दहा मिनिटं कमी असताना दहावीच्या खोलीत सहा रुग्ण होते आणि सहाही जणांच्या छातीत दुखत होतं. जुलाबाची तयारी केलेली दोन मुलं मीठ-साखर-पाण्याचा तांब्या घेऊन एका कोपऱ्यात उभी होती. तापवाल्या जोडीनं ओल्या पट्ट्या करून ठेवल्या होत्या. डोळे तपासायचा तक्ता भिंतीवर लावला होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मॅडमनी मुलांना बाहेर घेतलं. आता नवीन काही शिकवायला वेळ नव्हता. त्यांनी एवढंच सांगितलं, “समोर जो पेशंट आहे, त्याच्याकडे बघा. मी काय सांगितलं होतं ते विसरलात तरी चालेल.” आकांक्षा सगळ्यांत मागे उभी होती. तिनं विचारलं, “मॅडम, सातवा धडा आपण वाचला नव्हता ना? येळ न्हाई म्हणून सोडला होता, तो?”

“तो परीक्षेला कुठंच विचारत नाहीत.”

“मी वाचलाय,” आकांक्षा म्हणाली आणि क्रीडासाहित्याच्या खोलीकडे गेली.

मूल्यमापक अकरा वीसला आले. मुकुंद सर मूळचे संभाजीनगरचे, चाळिशीतले, चष्मा घातलेले गृहस्थ. सेलूहून बस आणि आष्टीहून जीप असा प्रवास करून आले होते आणि या आठवड्यातली ही त्यांची पाचवी शाळा होती. आधीच्या चारही शाळांत त्यांनी तोच ताप, तीच कपाळावरची पट्टी आणि तीच हातावरची जखम पाहिली होती. त्यांनी बारा मुद्द्यांचा फॉर्म मांडीवर घेतला, पेनचं टोपण काढलं आणि सुरू करा म्हणाले.

पहिले राधेश्याम. छातीत दुखतंय. सरांनी लिहिलं. दुसरे आबा. छातीत दुखतंय, आणि पहिल्यापेक्षा जास्त दुखतंय. सरांनी लिहिलं. तिसऱ्या उषाबाई. सरांनी मान वर केली. चौथ्या आणि पाचव्या जागेवरच्या दोघांनी न विचारताच आबांकडे बोट दाखवून सांगितलं, ह्यांच्यासारखंच.

“मॅडम,” सर सावकाश म्हणाले, “गावात काही झालंय का?”

मॅडमनी तोंड उघडलं. तेवढ्यात आकांक्षा पुढं आली. तिच्या हातात क्रीडा स्पर्धांना गटांसाठी वापरतात त्या सॅटिनच्या फिती होत्या, लाल, पिवळ्या आणि हिरव्या.

“सर, एका टायमाला सहा पेशंट आलेत,” ती म्हणाली. “सगळ्यांना एकदम बघता येत न्हाई. आधी कोण, मंग कोण, ते ठरवावं लागन.”

सरांचं पेन थांबलं. फॉर्मवरचा नववा मुद्दा होता, ‘रुग्णांचा प्राधान्यक्रम ठरवणे’. गेल्या तीन वर्षांत एकाही शाळेनं तो करून दाखवला नव्हता. ते नेहमी तिथं आडवी रेघ मारत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

आकांक्षानं मुलांच्या जोड्या लावल्या. श्वास मोजायचा, नाडी मोजायची, दोन प्रश्न विचारायचे. जिवाला धोका त्याला लाल, लवकर बघायला हवं त्याला पिवळी, थांबू शकतो त्याला हिरवी. सरांनी विचारलं, “आणि चौथा, काळा रंग असतो तो?” आकांक्षानं बाकावरच्या सहा म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, “सर, तो तुम्हाला नंतर बाहेर सांगते.” सरांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मॅडमना ते दिसलं नाही.

राधेश्याम यांना हिरवी फीत मिळाली. उषाबाईंना हिरवी. दोन्ही चुलतभावांना हिरवी. दुर्गाबाई डोळे मिटून छातीवर हात ठेवून बसल्या होत्या. नाव विचारलं, उत्तर नाही. कुठं दुखतंय विचारलं, उत्तर नाही. दोन प्रश्नांना उत्तर न देणारा रुग्ण लाल, असा धड्यात नियम होता. मुलांनी दुर्गाबाईंना लाल फीत बांधली आणि त्यांना उचलून सरांच्या जवळच्या सतरंजीवर निजवलं. एकीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

मग आकांक्षा आबांकडे आली. ती आबांच्या चुलतभावाची नात. तिच्या घरात आबांच्या शब्दाबाहेर कुणी जात नव्हतं. तिच्या बापाचं लग्नसुद्धा आबांनीच ठरवलं होतं. तिनं त्यांची नाडी मोजली, चौऱ्याऐंशी, आणि मनगटाला हिरवी फीत बांधली.

“ही काय?” आबांनी विचारलं.

“आबा, तुम्ही थांबू शकता.”

“मी थांबू शकतो? अन् दुर्गी आधी?”

“त्या बोलत न्हाईत, आबा.”

“मंग मीबी बोलत न्हाई.”

“आत्ता बोललात.”

मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्यासारखं केलं. ते राधेश्याम होते. आबांनी हिरव्या फितीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागले. दोन्ही चुलतभाऊही उठले. मॅडमना पुढचं सगळं दिसलं: तीन रुग्ण दारातून बाहेर पडताना, सरांचा शेरा, जूनपासून बंद झालेला विषय, अकरा फॉर्म. आकांक्षानं आत्ता मुकाट्यानं लाल फीत बांधून टाकावी असं त्यांना मनापासून वाटलं, आणि वाटल्याबरोबर त्यांना स्वतःची लाज वाटली.

“आकांक्षे,” आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. “लाल बांध.”

आकांक्षानं त्यांचं मनगट सोडलं नाही.

“आबा, लाल मागून मिळत न्हाई.”

खोलीत कुणी हललं नाही. आकांक्षाचे ओठ मात्र हलत होते. ती मोजत होती. घड्याळाचा काटा फिरेपर्यंत तिनं मोजलं आणि मग म्हणाली, “बसा आबा. आता एकशे बारा लागले. मघाशी चौऱ्याऐंशी होते. पेशंट थांबला की परत तपासायचं असतं, धड्यात लिहिलंय. शंभरच्या वर गेलं तर पिवळी.” तिनं हिरवी फीत सोडली आणि पिवळी बांधली.

आबा अर्धवट उठलेले तसेच राहिले. त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, मग राधेश्याम यांच्या मनगटाकडे पाहिलं. तिथं हिरवी होती.

“म्हणलं न्हवतं का,” ते खाली बसत म्हणाले, “पहिल्यापेक्षा जास्त दुखून राह्यलंय.”

चुलतभाऊ बसले. वंदना मॅडम दाराच्या चौकटीला टेकल्या.

बाकीचं प्रात्यक्षिक वीस मिनिटांत आटोपलं. आबांना तिरकं बसवलं, उषाबाईंना घरच्या चिंतेबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी चिंता इतक्या सविस्तर सांगितल्या की मुलांना त्यांना मधेच थांबवावं लागलं, आणि एकशेआठला फोन कसा करायचा ते बंद मोबाइलवर करून दाखवण्यात आलं. उन्हातून आलेल्या सरांनी पाणी मागितलं तेव्हा कोपऱ्यातल्या दोघांनी संधी साधून त्यांना मीठ-साखरेचं पाणी दिलं, प्रमाण सांगितलं आणि आपलेही गुण मिळवले.

जाताना मुकुंद सरांनी मॅडमना बाजूला घेतलं. “एकाच तक्रारीचे सहा रुग्ण. मुद्दाम?”

मॅडमनी जरा विचार केला. “सर, सगळ्यांना छातीत दुखणं द्यायचं हे आज सकाळीच ठरलं.”

“धाडस केलंत,” सर म्हणाले. “आणि ते चिडलेले गृहस्थ? नातेवाईक दमदाटी करतात तेव्हा पोरं कशी वागतात, ते दाखवायची कल्पना कुणाची?”

“ती आबांची,” मॅडम म्हणाल्या. यातही खोटं काही नव्हतं.

दुर्गाबाई सरांची जीप गेल्यावरच सतरंजीवरून उठल्या. आयुष्यात इतक्या जणांनी मिळून आपल्याला कधी उचललं नव्हतं, असं त्या पप्पूला म्हणाल्या, आणि शेळ्यांना पाणी पाजायला निघून गेल्या.

सोमवारी दुपारी कार्यालयातून फोन आला. शेरा ‘उत्तम’ होता. विषय पुढे चालू ठेवण्याचा लेखी आदेश यायचा आहे, पण काळजी करू नका, असं सांगण्यात आलं. पत्र यायच्या आधीच मुख्याध्यापकांनी ते तीनदा वाचून दाखवल्यासारखं सगळ्यांना सांगितलं. मॅडमनी त्या दिवशी संध्याकाळी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवण केलं आणि लवकर झोपल्या.

आकांक्षाला मात्र शनिवारपासूनच एक गोष्ट खटकत होती. पिवळ्या फितीचा रुग्ण तसाच घरी जाऊ द्यायचा नसतो, आणि तिनं तो जाऊ दिला होता. राग आला की नाडी वाढते हे तिला कळत होतं. पण राग गेल्यावर काय, हे तिनं पाहिलं नव्हतं. म्हणून शाळेचं बीपीचं मशीन मॅडमच्या परवानगीनं घेऊन ती दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी आबांच्या ओसरीवर गेली होती. आबा शांत बसले होते, कुणावर चिडलेले नव्हते. बीपी एकशे अडुसष्टवर एकशे दोन आलं. सोमवारी तसंच. मंगळवारी मॅडमनी स्वतः घेतलं, तरी तेवढंच.

“किती दिवसांपासून हाय हे?” आबांनी विचारलं.

“ते दवाखान्यातच कळन,” आकांक्षा म्हणाली. “परतूरला जावं लागतंय. सरकारीत. गोळी रोज घ्यावी लागन.”

“तिथं लाइन किती असती?”

“असती.”

“नंबरानं आत सोडतेत का वळखीनं?”

“नंबरानं, आबा.”

मग आबांनी विचारलं, राधेश्यामचं बीपी घेतलं का. घेतलं, आकांक्षा म्हणाली, आणि आकडा सांगायला तिनं नकार दिला. पेशंटचं दुसऱ्याला सांगायचं नसतं, असं ती म्हणाली. हेही आबांना आवडलं नाही, पण त्यांनी हट्ट धरला नाही.

बुधवारी सकाळी नऊ दहाला आबा धुतलेला सदरा घालून परतूरच्या जीपमध्ये बसले, एवढं पप्पूनं पाहिलं. जीपवाला सांगतो, ते परतूरला उतरले. दवाखान्याकडे वळले की बाजाराकडे, ते त्यानं बघितलं नाही. दुपारी दोनपर्यंत आबा परतलेले नव्हते, आणि आकांक्षा मधल्या सुट्टीत तिसऱ्यांदा फाटकाशी येऊन उभी होती.